लिफ्टचं भाडं

शिओ अजूनही पैसे टाकतो.
तळमजल्यावर, बंद लिफ्टच्या गंजक्या पेटीत
दहा तेत्रींचं एक नाणं, टण्,
आणि मग जिन्याने नऊ मजले चढतो.
मी म्हटलं, वीज जाऊन सात महिने झाले.
तो म्हणाला, म्हणून काय फुकट जायचं?

सात वर्षांचा आहे. म्हणजे असावा.
वाढदिवस कधी आला नि गेला,
राखेत तारखा दिसत नाहीत.

पहिला डोंगर फुटला तो पृथ्वीच्या पार पलीकडल्या अंगाला.
बातम्या देणाऱ्या बाईला त्याचं नाव नीट म्हणता येईना,
आम्ही हसलो होतो.
मग एकामागून एक आणखी चार फुटले
आणि तिला नावं शिकायला वेळच मिळाला नाही.
जूनमध्ये तिबिलिसीवर राखाडी पीठ पडलं,
चाळणीतून पडावं तसं, आवाज न करता,
म्त्क्वारी नदीचं पाणी लापशीसारखं झालं
आणि उन्हाळा आलाच नाही.

बाबा पोतीच्या बंदरावर कामाला होते.
आई पाण्याला गेली ती
इथे मी रोज थांबते.

चौथ्या मजल्यावर म्झेविनार आजी होती.
तिच्या नावातच सूर्य होता,
आमच्याकडे म्झे म्हणजे सूर्य.
ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली, अंगावर दोन कोट.
तिला गालिचात गुंडाळलं, शिओने पाय धरले.
मग तिचं फडताळ उघडलं.
आधी गालिचा, मग फडताळ.
एवढा क्रम मी राखला,
त्याचं अजून बरं वाटतं मला.

आत चुर्चखेला टांगलेल्या होत्या,
अक्रोड ओवून द्राक्षरसात बुडवलेल्या
एकतीस माळा, मेणबत्त्यांसारख्या.
रोज तीन अक्रोड त्याला, दोन मला.
मी खूप वेळ चावत बसते,
त्याला वाटतं, सारखेच आहेत.

नाणी आमच्याकडे अकरा.
संपली की तो जिन्यापाशी उभा राहतो,
चढतच नाही, तोंड पाडून.
म्हणून मी ठरवलेल्या रविवारी
तो झोपल्यावर खाली जाते,
स्क्रूड्रायव्हरने पेटी उघडते
आणि अकराच्या अकरा त्याच्या जाकिटात परत घालते.
त्याने कधी विचारलं नाही.
बहुतेक त्याला माहीत आहे.

काल बारा निघाली.

पायरीवर बसून पुन्हा मोजली.
बारावं वीसचं होतं. सुटे नसावेत.
आमच्या नाण्यांवर राखेचा थर असतो,
हे लख्ख होतं,
टाकण्याआधी कुणीतरी बाहीला पुसलेलं.

वर आले ती भिंत धरून, दिवा न लावता.
कपाट सरकवून दाराला लावलं.
भाकरीची सुरी उशाखाली, मग हातात.
शिओला सांगितलं. नको होतं सांगायला.
पण सात महिन्यांत एवढी मोठी बातमी
दुसरी कुठली होती माझ्याकडे?

आज संध्याकाळी, म्हणजे काळोख जरा दाट झाल्यावर,
खालून टण् वाजलं.
मग पावलं.
आम्ही मजले मोजत होतो, ओठ न हलवता.
तिसरा. चौथा, तिथे जरा रेंगाळली.
पाचवा.
सहाव्यावर थांबली. खोकला.
बाईचा की मुलाचा, कळेना,
सध्या सगळ्यांचा खोकला एकच झालाय.

मी सुरी घट्ट धरली.
शिओ कपाटाला खांदा लावून उभा,
मला वाटलं, दार दाबून धरतोय.
तो कपाट ढकलत होता, उलट्या बाजूला.

भाडं भरलंय त्याने, तेकले, तो कुजबुजला.
आणि वीसचं टाकलंय.
दहा परत द्यायचे आहेत आपल्याला.